मेट्रो-बसचं कार्ड रिचार्ज करताना: मुंबईत नव्याने आलेल्यांसाठी

सकाळचे पावणेनऊ. आदल्या रात्री मोबाइलवरून पाचशे रुपयांचा रिचार्ज केलेला, ‘व्यवहार यशस्वी’ असा मेसेजही आलेला. तरी गेटवर कार्ड टेकवलं की लाल दिवा आणि ‘अपुरी शिल्लक’. ओढणीने पुसून पुन्हा टेकवलं, पुन्हा तेच. मागून आवाज आला, ‘‘ताई, जरा बाजूला होता का?’’ मी खिडकीवर गेले. तिथल्या मुलीने कार्ड समोरच्या छोट्या मशिनवर ठेवलं, दोन बटणं दाबली आणि स्क्रीनवरचे १४ रुपये ५१४ झाले. ती म्हणाली, ‘‘मॅडम, पैसे आले होते, कार्डावर चढले नव्हते.’’

पैसे येणं वेगळं आणि चढणं वेगळं, हे कार्ड घेताना मला कोणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी ऑफिसला पोहोचायला उशीर झाला आणि अर्धा दिवस कापला गेला. नंतर साताऱ्याहून मावशी दोन महिने राहायला आली, ऑफिसात नांदेड आणि जळगावहून दोन मुलं नव्याने रुजू झाली. प्रत्येक जण याच जागी अडला. मी रोज कुरारहून गुंदवलीपर्यंत मेट्रोने आणि पुढे बेस्टच्या बसने जाते. मधूनमधून लोकल आणि भुयारी मेट्रोही होते. त्यातून जे कळलं ते क्रमाने लिहिते.

१. आधी हातातलं कार्ड कोणतं ते ओळखा

मुंबईत ‘स्मार्ट कार्ड’ म्हणून चार-पाच निरनिराळ्या गोष्टी ओळखल्या जातात. एकाचा रिचार्ज दुसऱ्यावर चालत नाही आणि निम्मा गोंधळ इथेच होतो.

पहिला प्रकार एनसीएमसी, म्हणजे नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड. मार्च २०१९मध्ये सुरू झालेलं हे रुपेचं कार्ड वेगवेगळ्या शहरांतल्या मेट्रो आणि बससाठी एकच असावं, म्हणून काढलेलं आहे. जानेवारी २०२३मध्ये मेट्रो २अ आणि मेट्रो ७ या मार्गिका पूर्ण सुरू झाल्या, तेव्हा आलेलं ‘मुंबई १’ कार्ड याच जातीचं. तुमच्या बँकेचं रुपे डेबिट कार्डही एनसीएमसी असू शकतं. कार्डाची मागची बाजू नीट वाचा किंवा बँकेत विचारा.

दुसरा प्रकार एकाच सेवेपुरतं चालणारं कार्ड. घाटकोपर-वर्सोवा ही मार्गिका जून २०१४मध्ये सुरू झाली आणि तिचं स्वतःचं कार्ड आहे. ते बाकीच्या मार्गिकांच्या गेटवर चालत नाही. माझं त्या बाजूला क्वचित जाणं होतं, त्यामुळे मी तिथे क्यूआर तिकीटच काढते. रोज जाणार असाल तर पैसे भरण्याआधी तिथल्या खिडकीवर आपलं कार्ड दाखवून विचारून घ्या.

तिसरं बेस्टचं चलो कार्ड. चौथं रेल्वेच्या तिकीट मशिनचं, म्हणजे एटीव्हीएमचं स्मार्ट कार्ड.

मेट्रोची रचनाही समजून घ्या. बाहेरगावच्या माणसाला ‘मुंबई मेट्रो’ ही एकच संस्था वाटते. प्रत्यक्षात २अ आणि ७ महा मुंबई मेट्रो चालवते, घाटकोपर-वर्सोवा मुंबई मेट्रो वन आणि आरे ते कफ परेड ही भुयारी मार्गिका मुंबई मेट्रो रेल कॉर्पोरेशन, म्हणजे एमएमआरसी. एका स्थानकातून दुसऱ्यात पूल ओलांडून गेलात की खिडकी बदलते, माणसं बदलतात, मशिनही बदलतं. एका खिडकीवर ‘‘आमच्याकडे होत नाही’’ म्हणाले, तर ते टाळत आहेत असं लगेच धरून चालू नका.

आणि कार्ड काढून देणारी बँक कोणती, ते नक्की बघा. रिझर्व्ह बँकेच्या आदेशामुळे १५ मार्च २०२४नंतर पेटीएम पेमेंट्स बँकेच्या एनसीएमसी कार्डात नवे पैसे भरता येत नाहीत. नातेवाईकाने ‘‘माझं जुनं पडलंय, ते वापर’’ म्हणून कार्ड दिलं असेल, तर आधी मागचं बँकेचं नाव वाचा.

२. दोन शिलकी असतात, हे पक्कं लक्षात ठेवा

एनसीएमसी कार्डाला दोन शिलकी असतात. एक बँकेकडच्या हिशेबात, म्हणजे खात्यात. दुसरी कार्डाच्या चिपवर. मेट्रोचं गेट फक्त चिप वाचतं.

असं का केलं, तर संध्याकाळी सहा-सातच्या गर्दीत प्रत्येक कार्डासाठी गेटने बँकेला विचारून उत्तराची वाट बघितली, तर रांग जिन्याखाली जाईल. भुयारी स्थानकात नेट गेलं तर कोणालाच आत जाता येणार नाही. म्हणून पैसे चिपवरच ठेवलेले असतात आणि गेट तिथूनच कापून घेतं, बँकेला हिशेब नंतर जातो. योजना चांगली आहे. पण तिचा परिणाम असा की मोबाइलवरून भरलेले पैसे बँकेच्या हिशेबात जाऊन थांबतात. कार्ड एखाद्या मशिनवर टेकवून ते चिपवर उतरवून घ्यावे लागतात. याला ‘बॅलन्स अपडेट’ म्हणतात.

डेबिट कार्डवाल्यांची फसगत याहून मोठी होते. आमच्या ऑफिसातला नांदेडचा मुलगा पगाराच्या दुसऱ्या दिवशी गेटवर अडला होता. खात्यात तीस हजार आणि चिपवर शून्य! बचत खात्यातले पैसे आपोआप चिपवर जात नाहीत. चिपचा कप्पा वेगळा असतो आणि तो वेगळा भरावा लागतो.

चिपवर जास्तीत जास्त २,००० रुपये राहतात. चिपवर १,७०० असताना आणखी ५०० भरलेत तर ते चढणार नाहीत, खात्यातच अडकून राहतील. मी तीनशेच्या खाली आलं की पाचशे चढवते. एका वेळी त्याहून जास्त चढवूच नये असं माझं मत आहे, त्याचं कारण पुढे हरवलेल्या कार्डाबद्दल लिहिताना सांगितलं आहे.

३. सोबत काय ठेवायचं

- नवं कार्ड काढायचं असेल तर चालू मोबाइल नंबर (ओटीपी त्याच्यावरच येतो) आणि आधार, पॅन, मतदार ओळखपत्र यांपैकी एखादं. काही कार्डं केवायसीशिवाय, म्हणजे ओळखीची कागदपत्रं न तपासताही मिळतात. फेब्रुवारी २०२४पासून रिझर्व्ह बँकेने फक्त प्रवासासाठीच्या कार्डांना तशी परवानगी दिली आहे. त्यांत कमाल ३,००० रुपये ठेवता येतात, पण पैसे काढून घेता येत नाहीत.
- रोख भरणार असाल तर शंभर-दोनशेच्या धड नोटा. फाटकी, चिकटपट्टी लावलेली किंवा चारदा घडी घातलेली नोट मशिन परत बाहेर ढकलतं.
- विद्यार्थी, ज्येष्ठ किंवा दिव्यांग सवलत हवी असेल तर तिचा मूळ पुरावा. मोबाइलमधला फोटो पुरेसा धरू नका.
- डेबिट कार्ड असेल तर घरून निघण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये ‘कॉन्टॅक्टलेस’, म्हणजे कार्ड नुसतं टेकवून पैसे देण्याची सोय, सुरू आहे का बघा. २०२०च्या नियमानुसार नव्या कार्डावर ही सोय बंद असते, ती आपण सुरू करायची असते.

४. खिडकीवर रिचार्ज: नवख्याने इथूनच सुरुवात करावी

पहिला रिचार्ज मोबाइलवरून करू नका. स्थानकातल्या खिडकीवर जा. तिथे रोख दिलीत की पैसे सरळ चिपवर चढतात, मधला टप्पाच उरत नाही.

वेळ दुपारची किंवा रात्री साडेआठनंतरची निवडा. सकाळी नऊच्या रांगेत खिडकीवरच्या माणसाला समजावून सांगायला उसंत नसते आणि आपल्यालाही ऐकायला नसते.

खिडकीवर नेमकं काय म्हणायचं, हे फार महत्त्वाचं आहे. नुसतं ‘‘रिचार्ज करा’’ म्हणू नका. रोख भरायची असेल तर म्हणा, ‘‘कार्डात दोनशे टाकून द्या, चिपवर.’’ आधी मोबाइलवरून भरले असतील तर म्हणा, ‘‘ऑनलाइन भरलेत, बॅलन्स अपडेट करून द्या.’’ त्यांच्या मशिनवर ही दोन कामं वेगवेगळी आहेत. मावशीच्या बाबतीत नेमका हाच घोळ झाला. मी घरून तिच्या कार्डात दोनशे भरले होते. ती खिडकीवर जाऊन ‘‘बाळा, यात पैसे नाहीयेत वाटतं’’ म्हणाली, त्या मुलाने आणखी शंभर रोख घेऊन चढवले. आधीचे दोनशे तसेच राहिले आणि मला ते आठ दिवसांनी कळलं.

कार्ड परत हातात आलं की शिल्लक तिथेच विचारा, पावती घ्या, पावतीवरचा आकडा वाचा, मगच खिडकी सोडा. मावशी पावत्या देवाच्या पोथीत ठेवायची. कुठेही ठेवा, पण निदान पुढच्या रिचार्जपर्यंत ठेवा. या पावत्यांची शाई महिना-दोन महिन्यांत उडते, म्हणून मी मोबाइलवर फोटोही काढते.

५. मोबाइलवरून रिचार्ज

ज्या बँकेचं कार्ड, तिच्याच अ‍ॅपवर किंवा वेबसाइटवर जा. कार्डाचे आकडे टाकताना शेवटचे चार आकडे मोठ्याने वाचून जुळवा. घरात दोन-तीन कार्डं असली की एकमेकांच्या कार्डात पैसे जातात.

यूपीआयने पैसे भरताना चक्र फिरत राहिलं, तर ‘पुन्हा प्रयत्न करा’ लगेच दाबू नका. आधी बँकेचा मेसेज आणि खातं बघा. घाईत दोनदा दाबलं तर दोनदा कापले जातात, आणि त्यातला एक परत मिळवण्यासाठी किती दिवस लागतील सांगता येत नाही. यशस्वी झालं की व्यवहाराचा क्रमांक दिसणारा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

आता पैसे फक्त आलेत. चढवायचे कसे?

- मेट्रो स्थानकातल्या खिडकीवर बॅलन्स अपडेट करून घ्या. सगळ्यांत भरवशाचा मार्ग हाच.
- स्थानकातल्या ज्या तिकीट मशिनवर ही सोय आहे, तिथे स्वतः करा. कार्ड ठेवल्यावर मशिन ‘झालं’ म्हणेपर्यंत ते हलवू नका. अर्ध्यात उचललं की पैसे ना इकडे ना तिकडे अशी अवस्था होते. मी मनात दहा आकडे मोजते.
- काही बँकांच्या अ‍ॅपमधून, फोनमध्ये एनएफसी (टेकवलेलं कार्ड वाचण्याची सोय) असेल तर, कार्ड फोनच्या पाठीला लावून घरीच चढवता येतात. फोनचं जाड कव्हर काढा.

भुयारी मेट्रोने जाणार असाल तर रिचार्ज वरच, रस्त्यावर असताना उरका. खाली मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. आरे ते कफ परेड पूर्ण प्रवासाचं तिकीट ७० रुपये आहे, तेव्हा जाऊन येऊन १४० चिपवर आहेत ना, तेवढं बघून उतरा.

एक कळकळीची सूचना. रिचार्ज अडकला की इंटरनेटवर ‘कस्टमर केअर नंबर’ शोधून फोन लावू नका. तिथे भामट्यांनी आपले नंबर पेरून ठेवलेले असतात. ‘‘पैसे परत करतो, ओटीपी सांगा’’ म्हणतात आणि खातं रिकामं करतात. नंबर फक्त कार्डाच्या मागे छापलेला किंवा बँकेच्या स्वतःच्या अ‍ॅपमधला. ओटीपी, पिन कोणालाही सांगायचा नाही. गेटवर चिपचे पैसे कापायला पिन लागत नाही, त्यामुळे स्थानकात कोणी पिन मागितलाच तर तिथून निघा.

६. बेस्टच्या बसमध्ये

चलो कार्डात कंडक्टरकडे रोख देऊन पैसे भरता येतात. भरल्या बसमध्ये मास्तरांना गाठू नका. शक्य असेल तर बस जिथून सुटते तिथे, सुटायच्या आधी दोन मिनिटं हातात असतात तेव्हा सांगा: ‘‘मास्तर, कार्डात शंभर टाकता का?’’ सुट्टे द्या. अ‍ॅपवरून भरलेत तर मास्तरांच्या मशिनवर कार्ड लावून शिल्लक दिसते का ते बघा. ९ मे २०२५पासून साध्या बसचं किमान भाडं १० रुपये आणि एसीचं १२ आहे. शिल्लक त्याखाली आली की रोख किंवा मोबाइल तिकिटाची तयारी ठेवूनच चढा. टॅप करून चढायच्या बसमध्ये उतरतानाही टॅप करायचं असतं, ते विसरू नका.

७. लोकलचं खातं निराळं

लोकलला गेट नाही. तुमच्या मेट्रोच्या कार्डात हजार रुपये असले तरी लोकलचं तिकीट किंवा पास वेगळा काढावाच लागतो. ‘‘कार्ड आहे ना’’ म्हणून चढलात तर टीसी दंड लावणार. एटीव्हीएमचं स्मार्ट कार्ड रेल्वेच्या तिकीट खिडकीवर भरून मिळतं. पण त्या रांगेत उभं राहून कार्डच भरायचं असेल तर तिकीट काढणं बरं. रोज जाणाऱ्याने पास काढावा. मधूनमधून जाणाऱ्याने जुलै २०२५मध्ये आलेल्या रेल्वेच्या रेलवन अ‍ॅपवर आर-वॉलेट, म्हणजे तिकिटांसाठीचं मोबाइल पाकीट, भरून ठेवावं. मशिनशेजारी तिकीट काढून देणारे, बहुतेक रेल्वेतून निवृत्त झालेले काका उभे असतात. वयस्कर माणसांना मी त्यांच्याकडेच पाठवते.

८. ट्रिप पास घेण्याआधी

२अ आणि ७वर कार्डाने गेलं तर भाड्यात सवलत मिळते. ४५ आणि ६० फेऱ्यांचे पासही आहेत. ६५ वर्षांवरचे ज्येष्ठ, बारावीपर्यंतचे विद्यार्थी आणि दिव्यांग यांना त्या पासांवर १ मे २०२३पासून २५ टक्के सवलत आहे. पण पास ३० दिवसांचा असतो, न वापरलेल्या फेऱ्या पुढे जात नाहीत. गणपतीत आठ दिवस गावी जाणार असाल तर त्या महिन्यात साधा रिचार्जच परवडतो. पासच्या फेऱ्या आणि चिपवरचे पैसे वेगळे असतात. पास आहे म्हणून दुसऱ्या मार्गिकेवर गेलात तर तिथे शिल्लकच लागेल.

९. पैसे कापले, पण कुठेच दिसत नाहीत

घाबरू नका, आणि स्थानकावरच्या माणसाशी भांडूही नका. आधी पैसे कुठे अडकलेत ते शोधा.

बचत खात्यातून कापले, पण कार्डाच्या अ‍ॅपमध्येही दिसत नाहीत? तर तो व्यवहार बँकेत अडकलाय. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९च्या नियमाप्रमाणे यूपीआयने दुकानदाराला किंवा सेवेला दिलेले पैसे पोहोचले नाहीत, तर ते व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. तक्रार करताना हा नियम लिहून टाका, उत्तराची भाषा बदलते.

कार्डाच्या अ‍ॅपमध्ये दिसतात, पण गेट घेत नाही? तर ते चढलेले नाहीत. कलम पाच पुन्हा वाचा.

चिपवर आहेत आणि तरी गेट घेत नाही? मग बहुधा मागच्या प्रवासात बाहेर पडताना टॅप नोंदलं गेलेलं नाही आणि यंत्रणेच्या मते तुम्ही अजून आतच आहात. हे काम स्थानकातल्या कस्टमर केअरचं, बँकेचं नाही. पर्समध्ये दोन टॅपवाली कार्डं एकत्र असली तरी गेट गोंधळतं. एकच बाहेर काढून टेकवा.

मला एकदा सहाशे रुपयांसाठी तीन आठवडे फिरवलं गेलं. बँक म्हणे स्थानकावर जा, स्थानक म्हणे बँकेत जा. कोणाचं नाव घेत नाही. सुटलं ते तोंडी बोलणं थांबवलं तेव्हाच. व्यवहाराचा क्रमांक, तारीख, वेळ, कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि स्क्रीनशॉट, असं सगळं एकाच ईमेलमध्ये पाठवलं आणि तक्रार क्रमांक मागून घेतला. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तीही फुकट. माहितीसाठी त्यांचा १४४४८ हा क्रमांक आहे.

१०. कार्ड हरवलं, बदललं किंवा मुंबई सोडायची वेळ आली

हरवलं तर बँकेला लगेच फोन करून बंद करा. त्यामुळे खात्यातले पैसे वाचतात. चिपवरचे मात्र खिशातल्या नोटांसारखे असतात, ज्याला कार्ड सापडेल तो पिनशिवाय ते वापरू शकतो. म्हणून पाचशेच्या वर चढवू नका असं म्हटलं.

डेबिट कार्डाची मुदत संपून घरी नवं कार्ड आलं, की जुनं लगेच कात्रीने कापू नका. जुन्या चिपवरची शिल्लक आपोआप नव्यावर येईल असं धरू नका. आधी प्रवास करून ती संपवा.

केवायसीशिवायच्या कार्डातले पैसे परत मिळत नाहीत. त्यामुळे मावशीने निघायच्या आधीच्या आठवड्यात रिचार्ज बंद केला. रोज बाहेर पडताना गेटवरचा आकडा वाचायची आणि घरी आल्यावर सांगायची, ‘‘आता छप्पन राहिले.’’ शेवटी सोळा रुपये उरले. ते कार्ड माझ्या कपाटात आहे, त्याला कागद गुंडाळून वर तिचा मोबाइल नंबर आणि मुदत लिहून ठेवली आहे. दिवाळीनंतर ती पुन्हा येणार आहे. खिडकीवर शंभर रुपये चढवले की तेच कार्ड चालू.